बर्गंडीतली खेडी, जुनी चर्च आणि पायवाटा : गाडीशिवाय सहा दिवस

मुलुंडकर
नमस्कार मंडळी. लेक लियोंला शिकतेय, मे महिन्यात तिच्याकडे चाललोय, मी आणि सौ. दोघंही पन्नाशी ओलांडलेले. सह्याद्रीत अजून चढतो, उतरताना गुडघे कुरकुरतात इतकंच. पॅरिस मागेच बघून झालंय, पुन्हा रांगा लावायची हौस नाही. लेकीची परीक्षा असल्याने मधले सहा दिवस आम्ही मोकळे. लियोंपासून फार लांब नको, गाडी चालवायची नाही (उजव्या बाजूने चालवायची छाती होत नाही). खेड्यांतून चालायचं आणि वाटेत जुनी चर्च बघायची, एवढीच इच्छा. कोणी केलंय का असं? कुठला भाग घ्यावा?

चकली
वाचतेय. मलाही हवी आहे ही माहिती.

दगडफूल
मुलुंडकर, अगदी माझ्या अंगणातला प्रश्न विचारलात. अकरा वर्षं लियोंमध्ये आहे आणि महिन्यातला एखादा शनिवार-रविवार तरी दक्षिण बर्गंडीत काढते. डोळे मिटून क्लुनी ते तुर्नू घ्या. लियोंहून ट्रेनने माकों, तिथून शालोंकडे जाणारी बस क्लुनीत सोडते. परतताना तुर्नूला रेल्वे स्टेशन आहेच. म्हणजे एका टोकाला उतरायचं, चालत जायचं, दुसऱ्या टोकाला ट्रेन पकडायची.

ढोबळ आखणी अशी:

पहिला दिवस पूर्ण क्लुनीला द्या. ९१० साली अक्वितेनच्या ड्यूक गियोमने हा मठ स्थापन केला. तिथलं तिसरं, सर्वांत मोठं चर्च १०८८ मध्ये बांधायला घेतलं. लांबी १८७ मीटर! रोमचं सध्याचं सेंट पीटर्स उभं राहीपर्यंत ख्रिस्ती जगात याहून मोठं चर्च नव्हतं. आणि आज? गेल्यावर आधी शोधावं लागतं की चर्च आहे कुठे. क्रांतीनंतर सरकारने ते विकलं आणि घेणाऱ्यांनी त्याची चक्क दगडाची खाण केली. १८२३ पर्यंत पाडापाडी चालली होती. चर्चचा आराखडा क्रुसासारखा, त्यातला दक्षिणेकडचा एक हात आणि त्यावरचा अष्टकोनी मनोरा तेवढा उरलाय. त्या उरलेल्या तुकड्यात उभं राहून वर बघितलं की मान दुखते, आणि मग डोक्यात प्रकाश पडतो की हा तर नुसता बाजूचा हात होता. तिथेच धान्याच्या जुन्या कोठारात वरच्या मजल्यावर मूळ चर्चमधले कोरीव स्तंभशीर्ष मांडलेत, ते अगदी डोळ्यांसमोर येतात. वर लाकडी छत आहे, उलट्या होडीसारखं. ते चुकवू नका.

दुसऱ्या दिवशी उत्तरेकडे तेझे. क्लुनीहून जुन्या रेल्वेमार्गावर 'व्हॉय व्हेर्त' केलाय, म्हणजे रूळ काढून केलेला चालण्या-सायकलचा रस्ता. फ्रान्समधला या प्रकारचा पहिला, १९९७ चा. दहाएक किलोमीटर, सपाट, सौ.च्या गुडघ्यांना सुट्टी.

पुढचं रात्री लिहिते, कुकर लावायचाय.

खडूस_पुणेकर
एक प्रामाणिक शंका. दोन चर्च बघितली की तिसरं पहिल्यासारखंच दिसतं. दगड, मेणबत्त्या, अंधार. त्यासाठी लाखभर रुपये घालवायचे? अंबरनाथचं शिवमंदिर लोकलच्या तिकिटात बघून होतं आणि तेही १०६० सालचं आहे. ते कितीजणांनी नीट बघितलंय, हात वर करा.

दगडफूल
काका, माझा हात वर आहे, पण मला कल्याणला माहेर असल्याचा फायदा मिळाला. :)

तिसरं पहिल्यासारखं दिसतं हे मात्र खरंय, *गाडीने* गेलात तर. दिवसाला सात चर्च, प्रत्येकी बारा मिनिटं, मग सगळ्यांचा काला होणारच. चालत जाताना काय होतं, की पुढच्या गावाच्या दोन-तीन किलोमीटर आधीच झाडांच्या वर मनोरा दिसायला लागतो. मग तो उताराआड जातो, पुन्हा डोकं वर काढतो, दर वेळी जरा मोठा. तासाभराने त्याच्या दारात पोचता तेव्हा तुमची ओळख झालेली असते. पूर्वीचा माणूस असाच येत होता ना. मी तर म्हणते दिवसाला दोनच, आणि आत किमान अर्धा तास बाकावर बसायचं. पहिली दहा मिनिटं काही दिसत नाही, डोळे सरावले की भिंतीवरचे रंग वर येतात.

हं, आता पुढची आखणी.

तेझे. गाव चिमुकलं, पण नाव जगभर. ब्रदर रॉजे १९४० मध्ये इथे आले, युद्धात निर्वासितांना आसरा दिला आणि पुढे कॅथलिक-प्रॉटेस्टंट भेद न मानणारा मठवासी समुदाय उभा केला. उन्हाळ्यात जगभरातली पोरं तंबू ठोकून असतात. मोठं प्रार्थनागृह १९६२ चं, बाहेरून कोरडं वाटतं. मला ओढ आहे ती गावातल्या जुन्या छोट्या चर्चची. त्याच्या शेजारीच ब्रदर रॉजेंची कबर आहे, साधा लाकडी क्रूस, बाजूला फुलं, बस्स.

तिसरा दिवस तेझे ते शापेझ, कोर्मातांवरून. कोर्मातांला शातो, म्हणजे सरदारी वाडा आहे. वेळ असेल तर बघा, नसेल तर चुकचुकू नका. शापेझचं सँ-मार्तँ चर्च मात्र या सगळ्या वाटेचा प्राण आहे. ११ व्या शतकाच्या सुरुवातीचं. गाव म्हणजे मूठभर घरं, आणि त्यांच्यामध्ये साधारण ३५ मीटर उंच मनोरा, पाहुण्यांत एकच उंच नवरदेव असावा तसा. आतले खांब गोल आणि इतके जाड की दोघांनी मिळून कवेत घेता येत नाहीत. नीट बघा, ते सरळ उभे नाहीत! याचं कारण इथे कोणी इंजिनिअर असेल तर त्याने सांगावं.

चौथा दिवस शापेझ ते ब्रांसियों, लांशार्‌वरून. जंगल, शेवटी चढ. ब्रांसियों डोंगराच्या सोंडेवरचं गाव, गाड्या बाहेरच. किल्ला, लाकडी खांबांची जुनी बाजारपेठ, आणि गावाच्या अगदी टोकाला १२ व्या शतकातलं सँ-पिएर. पुढे दरी. गडावरची माची आठवली नाही तर नाव बदलेन. आत भित्तिचित्रं आहेत, विरलेली, पण आहेत.

पाचवा दिवस ब्रांसियों ते तुर्नू, पंधराएक किलोमीटर, ओझनेवरून. द्राक्षमळ्यांत दगडांच्या बिनचुन्याच्या झोपड्या दिसतील, त्यांना 'कादोल' म्हणतात. मळ्यातले दगड वेचून रचलेल्या. पाऊस आला की मजूर आत. मी एकदा गारांच्या वादळात एका कादोलात पाऊण तास काढलाय, सोबतीला कोळी. सहावा दिवस तुर्नू बघा आणि संध्याकाळच्या ट्रेनने लेकीकडे जेवायला.

कमानकार
इंजिनिअर हजर. खडूसकाकांच्या अंबरनाथमुळे समजावणं सोपं झालं.

आपल्या मंदिरांत दगडावर दगड आडवे ठेवत, दर थराला थोडे पुढे काढत छत मिटवतात. वजन जवळजवळ सरळ खाली जातं. भिंतीला बाहेर ढकलणारं कोणी नसतं. रोमनेस्क, म्हणजे या वाटेवरच्या ११-१२ व्या शतकातल्या शैलीच्या चर्चचं छत खऱ्या कमानीचं. पिंप उभं चिरून पालथं ठेवा, तसं. हे छत सतत पाय फाकवायला बघतं, रात्रंदिवस, हजार वर्षं. म्हणून भिंती जाड, खिडक्या लहान, म्हणून आत अंधार. तो अंधार भक्तीसाठी मुद्दाम केला असं गाईड सांगतात. मोठा भाग भिंतीच्या भीतीचा आहे. शापेझला नेमकं हेच झालं. भिंती-खांब बाहेर कलले, म्हणून १२ व्या शतकात मूळ छत काढून टोकदार कमानीचं छत घातलं. टोकदार कमान बाहेर कमी ढकलते. पुढे गॉथिक, म्हणजे त्यानंतरच्या शैलीवाल्यांनी तीच युक्ती ताणून खिडक्या मोठ्या केल्या.

तुर्नूच्या सँ-फिलिबेरमध्ये यावर एकाने भारी डोकं लढवलंय. मधल्या दालनावर लांबच लांब एक पिंप न घालता, आडवी छोटी पिंपं ओळीने ठेवली. प्रत्येक पिंपाचा धक्का शेजारच्या पिंपावर, म्हणजे सगळी एकमेकांना टेकून उभी. बाजूच्या भिंती मोकळ्या झाल्या, वर खिडक्या काढता आल्या. आत पाऊल टाकलं की उजेडच सांगतो. ही युक्ती पुढे का पसरली नाही हा माझा लाडका प्रश्न आहे. बहुधा दिसायला तुकडे-तुकडे दिसतं म्हणून.

आणि 'रोमनेस्क' म्हणजे रोमन लोकांनी बांधलेलं नव्हे. रोमन साम्राज्य बुडून पाचशे वर्षं झाली होती. हे नाव १९ व्या शतकातल्या अभ्यासकांनी दिलंय.

खडूस_पुणेकर
'भिंतीची भीती' आवडलं. मागे घेतो. अर्धं.

वसईवाला
थोडं आतल्या माणसाच्या नजरेने. मी वसईचा, आमच्याकडे रविवारच्या मिस्साला (चर्चमधल्या सामूहिक उपासनेला) उशिरा गेलं तर बाहेर उभं राहावं लागतं. बर्गंडीत गेलो तेव्हा धक्काच बसला. एकेका फादरकडे वीस-पंचवीस गावं, मिस्सा आळीपाळीने, आज या गावात तर पुढल्या रविवारी त्या. दाराला तक्ता लावलेला असतो. मी गेलो त्या मिस्साला अकरा माणसं होती, त्यांतले मी आणि बायको सोडून बाकी सगळे सत्तरीपुढचे. संपल्यावर सगळ्यांनी येऊन हात मिळवले. एका आजींनी विचारलं, भारतात ख्रिस्ती कधीपासून? वसईत पोर्तुगीजांपासून, म्हटलं, १६ वं शतक. केरळात तर त्याच्याही कितीतरी आधी. त्या म्हणाल्या, मग आता तुम्हीच फादर पाठवा.

रीतभात: टोपी काढा. वेदीजवळ लाल दिवा जळत असेल तर तिथे पवित्र साक्रामेंत, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेली भाकर ठेवलेली आहे असं समजा, त्याच्यासमोर मोठ्याने बोलू नका. मिस्सा चालू असताना फिरून फोटो काढू नका. मेणबत्ती लावलीत तर पेटीत नाणं टाका. एवढं पुरे.

मुलुंडकर
अरे वा, एका रात्रीत एवढं! दगडफूलताई, दंडवत. शंका : ही खेड्यांतली चर्च उघडी असतात का? आणि खाण्याचं काय? सौ. शाकाहारी, अंडं चालतं.

दगडफूल
शंका बरोबर जागी काढलीत. शापेझ, ब्रांसियों, तुर्नू ही दिवसा उघडी सापडतात. आडवाटेची बरीच कुलूपबंद.

इथे एक मजेशीर कायदा कामाला येतो. १९०५ साली फ्रान्सने धर्म आणि शासन वेगळं केलं. तेव्हा उभी असलेली गावोगावची चर्च ही गावाच्या, म्हणजे कम्यूनच्या मालकीची आहेत. आत पूजा फादरची, पण छप्पर गळलं तर खर्च सरपंचाचा. त्यामुळे किल्ली मेरीत, म्हणजे आपल्या ग्रामपंचायत कचेरीत मिळते. मेरी आठवड्यातून दोन अर्धे दिवस उघडी! मग शेजारच्या घरी चौकशी करायची. दारावर कधी चिठ्ठी असते, 'किल्ली समोरच्या निळ्या दाराच्या घरी'.

अशा एका गावात (नाव नाही सांगत, तिथे गर्दी नकोय) निळं दार वाजवलं. ऐंशीच्या घरातल्या बाई, हाताला पीठ. माझं बोंजूर ऐकून घेतलं, पुन्हा पूर्ण 'बोंजूर मादाम' म्हणेपर्यंत थांबल्या, मग आतून किल्ली आणली. वीतभर लोखंड, दांड्याला लोकरीचा लाल धागा. म्हणाल्या, दार उचलून धरायचं, मग डावीकडे, मग खांद्याने. मला तीनदा जमेना. त्याच पिठाच्या हाताने आल्या आणि एका खांद्यात उघडलं. दाराच्या कडेला त्यांच्या खांद्याच्या उंचीवर लाकूड गुळगुळीत झालं होतं. आत दिव्याचं बटण दाबलं की चार-पाच मिनिटं उजेड, मग खट्कन अंधार. त्या अंधारात मागच्या बाकावर बसून राहिल्या. मी परत बटण दाबायला उठले तर म्हणाल्या, राहू दे, वीज पंचायतीची आहे.

खाणं : ब्रेड, आणि माकोंने हे शेळीच्या दुधाचं चीज, पेढ्याएवढं, वर निमुळतं. ताजं असलं की दह्याच्या चक्क्याजवळ जातं. गूझेर म्हणजे चीजचे फुगीर वडे म्हणा, बेकरीत मिळतात, त्यात अंडं असतं. 'शांब्र दोत', म्हणजे घरगुती मुक्काम घेतलात तर रात्रीच्या जेवणाचं दोन दिवस आधी कळवा आणि 'मांस नको, मासे नको' असं दोन्ही वेगवेगळं सांगा. नुसतं शाकाहारी म्हटलं की सॅलडवर बेकनचे तुकडे येतात, 'थोडेच घातलेत' म्हणून. लसणीची चटणी बरोबर ठेवा. दुपारी बारा ते दोन-अडीच सगळं बंद, सोमवारी बेकरी बंद असण्याचा संभव मोठा, मे महिन्यात सुट्ट्या ढीगभर, आणि सुट्टीच्या दिवशी बसच्या वेळा कोलमडतात. हे मी कोर्मातांच्या थांब्यावर तीन तास बसून शिकले आहे.

पाणी : गावात नळ दिसला नाही तर स्मशानाकडे जा. हसू नका, फुलांना पाणी घालायला तिथे नळ असतोच. 'ओ नों पोताब्ल' अशी पाटी असेल तर मात्र तोंडाला लावू नका.

पायपीट
उशिरा आलो. मी ल पुई ते कोंक केलंय, दहा दिवस, त्यामुळे दुसरा पर्यायही मांडतो. तो स्पेनमधल्या सांतियागोच्या ख्रिस्ती यात्रेचा जुना मार्ग. ल पुईचा बिशप गोदेस्काल्क ९५०-५१ मध्ये त्या यात्रेला गेला, तेव्हापासूनची परंपरा. मध्ये ओब्राकचं पठार, नुसतं गवत, दगडी कुंपणं आणि डोळ्यांत काजळ घातल्यासारख्या गाई. शेवटी दरीत उतरून कोंक. तिथल्या दारावर अंतिम न्यायाचं शिल्प आहे, १२४ आकृत्या, नरकाची बाजू स्वर्गापेक्षा कितीतरी रंगतदार. तिथल्या सेंट फॉयचे अवशेष ९ व्या शतकात कोंकच्याच भिक्षूने आजां गावाहून पळवून आणलेले, आणि ही चोरी त्यांनी स्वतःच अभिमानाने लिहून ठेवलीय. खिडक्यांच्या काचा मात्र पिएर सुलाज या चित्रकाराच्या, १९९४ मधल्या, रंगहीन. आधी चडफडलो. संध्याकाळी उन्हाबरोबर त्यांचा रंग बदलताना बघितला आणि गप्प बसलो.

पण दोनशेहून अधिक किलोमीटर आहे, सहा दिवसांत गुडघ्यांवर अन्याय. तुमच्यासाठी दगडफूल यांचंच बरं.

वाटेच्या खुणा ओळखायला शिका : पांढरा-लाल पट्टा म्हणजे लांब पल्ल्याची वाट, पिवळा म्हणजे गावाभोवतीची छोटी. सरळ आडवे पट्टे असले की चला, फुली दिसली की मागे फिरा. आपल्याकडे गडावर कातळावर बाण रंगवतात, तसंच. फक्त इथे कोणी त्यावर स्वतःचं नाव लिहीत नाही.

खडकीकर
अवांतर होतंय, तरी लिहितो. प्रत्येक फ्रेंच खेड्यात चर्चजवळ पहिल्या महायुद्धातल्या मृतांचा स्तंभ असतो. चाळीस घरांच्या गावात वीस नावं वाचताना एकच आडनाव तीनदा येतं. माझे पणजोबा खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअर पलटणीत होते. ते स्वतः फ्रान्सला गेले नव्हते, पण त्यांच्या पलटणीच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला न्यव-शापेलच्या हल्ल्यात ४७ व्या शीख पलटणीबरोबर होत्या आणि फार थोडे परतले. तिथलं भारतीय सैनिकांचं स्मारक १९२७ चं. ते पार उत्तरेला आहे, तुमच्या वाटेवर नाही. पण कुठल्याही गावातल्या स्तंभापाशी दोन मिनिटं थांबलात तर बरं वाटेल.

मुलुंडकर
मंडळी, जाऊन आलो! सविस्तर नंतर लिहीन, आत्ता ठळक तेवढं.

क्लुनीला पाऊस. तो उरलेला हात बघून सौ. म्हणाली, "हत्ती गेला आणि शेपूट राहिलं." मठाच्या इमारतीत इंजिनिअरिंग कॉलेज आहे, गुडघ्याखाली पोचणारे करडे डगले घातलेली पोरं दिसली, आधी भिक्षूच वाटले. शापेझला खांब खरंच कललेत. मी आणि सौ.ने कवेत घेऊन बघितला, हात पोचले नाहीत, तिसरा माणूस लागला असता. घड्याळाचे ठोके तिथे दोनदा पडतात, पहिल्यांदा मोजायचे राहिले तर दुसऱ्यांदा मोजा! रात्री अकराचे बावीस ठोके ऐकत पडलो होतो.

ब्रांसियोंच्या चर्चमागे दरीकडे तोंड करून चटणी-ब्रेड खाल्लं. एक फ्रेंच कुटुंब शेजारी बसलं होतं, त्यांच्या मुलाने चटणी मागून खाल्ली आणि मग पाण्याची अख्खी बाटली संपवली. ओझनेच्या पुढे वाट चुकलो, फुली दिसली होती पण सौ. म्हणाली हीच वाट. (ती हे वाचते. म्हणून लिहितो, की मीच म्हणालो होतो.) दोन किलोमीटर जास्त. तुर्नूत आत शिरलो आणि कमानकारांची आडवी पिंपं मोजत बसलो. एका फिरत्या गटाचा गाईड फ्रेंचमध्ये काहीतरी सांगत होता. कळलं काही नाही, पण हाताने तो नेमकं तेच करत होता, एकमेकांना टेकलेली पिंपं.

किल्लीचं घर एकच लागलं. तिथे दार एका फटक्यात उघडलं, जरा निराशाच झाली.

लेकीची ऑक्टोबरमध्ये सुट्टी आहे, तेव्हा तिला घेऊन बेर्झे-ला-व्हिलची भित्तिचित्रं बघायचं डोक्यात आहे. जमेल का?

दगडफूल
वा वा, फोटो टाका. बेर्झे जरूर करा. क्लुनीच्या मठाधिपतींची विश्रांतीची जागा होती ती. चुन्याखाली झाकलेली चित्रं १८८७ मध्ये सापडली. लहानसं देऊळ म्हणावं एवढी जागा, आणि आत निळ्या पार्श्वभूमीवर प्रचंड ख्रिस्त. क्लुनीहून दक्षिणेला त्याच 'व्हॉय व्हेर्त'ने, मध्ये सोळाशे मीटरचा जुना रेल्वे बोगदा लागतो. आत चांगलं गार असतं, स्वेटर घ्या. हिवाळ्यात वटवाघळांसाठी तो बंद करतात, म्हणून ऑक्टोबरची अखेर गाठू नका. चॅपलच्याही उघडण्याच्या तारखा आधी बघून घ्या.

आणि शरदात शिकारीचा हंगाम असतो. रानातून जाताना 'शास आं कूर' अशी पाटी दिसली तर दुसरी वाट धरा. अंगात भडक रंग हवाच, शिकारी स्वतः केशरी जाकिटं घालतात.

मुलुंडकर
रायगडाला घालतो तो भगवा टी-शर्ट चालेल?

दगडफूल
धावेल. लेकीलाही एक आणा.